एका युनिटात काय काय होतं?

विजेचं बिल हातात पडलं, की पुष्कळ घरांत पहिला प्रश्न निघतो तो म्हणजे, ‘एवढं बिल आलं कुणामुळे?’ मग आजोबांचा दुपारभर चालणारा पंखा आठवतो. मुलीच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा आठवतो. ‘तुझा तो मोबाईल सारखा चार्जिंगला असतो,’ म्हणून कुणाला तरी बोलणी बसतात. ज्याला बोलणी बसतात तो बिचारा चार दिवस पंखा बंद ठेवून घाम पुसत बसतो. आणि पुढच्या महिन्यात पाहावं, तर बिल जवळजवळ तेवढंच!

असं का होतं? वाण्याची यादी पाहिली तर तूरडाळ किती, साखर किती, तेल किती, सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. विजेच्या बिलात तसं नसतं. महिन्याभरात घरातल्या वीस-पंचवीस वस्तूंनी मिळून किती वीज वापरली, त्याचा एकच आकडा तिथे छापलेला असतो. पंख्याचे किती आणि पाणी तापवण्याचे किती, हे बिल सांगत नाही. ती ओळीओळीची यादी आपल्यालाच करावी लागते. सुदैवानं त्यासाठी चौथीतला गुणाकार-भागाकार पुरतो.

सुरुवात युनिटपासून करू. कोणत्याही उपकरणावर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. बल्बच्या बुडाशी, मिक्सरच्या तळाला, गीझरच्या अंगावर चिकटवलेल्या पट्टीवर तो सापडेल. वॅट म्हणजे वीज खाण्याचा वेग. नळ किती जोरात सोडला आहे, तसं हे. पण नळ जोरात सोडला म्हणून पाणी जास्त गेलं असं होत नाही. तो किती वेळ सोडला होता हेही पाहावं लागतं. तसंच इथे. वॅट गुणिले तास, आणि त्याला हजारानं भागायचं, की झाले युनिट. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं, की एक युनिट.

याच हिशेबाची उलटी बाजू तोंडी करायला जास्त सोपी आहे. हजाराला वॅटनं भागा. एका युनिटात ती वस्तू किती तास चालेल ते कळतं. नऊ वॅटचा एलईडी दिवा घ्या. एका युनिटात तो १११ तास जळतो. म्हणजे रोज पाच तास लावला, तर बावीस दिवस. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण तेवढाच उजेड देई आणि सोळा-सतरा तासांत युनिट संपवी. २०१५ साली ‘उजाला’ योजना आली, एलईडी दिवे स्वस्त झाले आणि घरोघरी लागले. पण दिवे बदलले तरी त्यांच्यावरचा आपला राग तसाच राहिला.

छताचा नेहमीचा पंखा ७५ वॅटचा धरला, तर एका युनिटात साडेतेरा तासांच्या आसपास चालतो. मोबाईलची बॅटरी आज साधारण १९-२० वॅट-तासांची असते. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरली, तरी एका युनिटात चाळीसेक वेळा फोन पूर्ण चार्ज होतो. रोज एकदा चार्ज केला, तर वर्षाचे नऊ युनिट. वर्षाचे, महिन्याचे नव्हेत!

आता मिक्सर. त्याचा आवाज एवढा मोठा, की तोच सगळी वीज खात असावा असं वाटतं. तो ५०० वॅटचा असतो हे खरं, पण चालतो किती? चटणी, वाटण, ताक सगळं धरून दिवसाला दहा मिनिटं. महिन्याचे अडीच युनिट झाले. आवाजावरून विजेचा अंदाज बांधू नये. सगळ्यात जास्त वीज खाणारी वस्तू बहुधा अगदी मुकाट्यानं आपलं काम करत असते.

ती वस्तू कोणती हे ओळखायला एक ढोबळ नियम लक्षात ठेवावा. जी वस्तू फक्त उजेड देते ती कमी खाते. जी फिरते ती मध्यम खाते. आणि जी तापवते ती सगळ्यात जास्त खाते. गीझर, इस्त्री, पाण्यात सोडायचा रॉड, इंडक्शन शेगडी, ओव्हन ही सगळी तापवणारी मंडळी. त्यांचा आकडा हजारापासून पुढे सुरू होतो.

यातलं आंघोळीचं पाणी जरा नीट पाहू, कारण बहुतेक घरांत बिलाची मोठी ओळ तिथे असते. पूर्वी परसात बंब असायचा. पाणी तापवायला किती लाकडं, किती गोवऱ्या लागल्या ते डोळ्यांसमोर दिसायचं. ढीग कमी झाला की आजी म्हणायची, ‘आता पुरे.’ गीझरचा ढीग दिसत नाही, एवढाच फरक. पाणी तापवायला लागणारी उष्णता तेव्हा होती तेवढीच आजही लागते.

ती किती लागते? एका युनिटची उष्णता ८६० लिटर पाणी एक अंशानं तापवते. हा निसर्गाचा नियम आहे, कोणत्याही कंपनीचं गीझर त्याला अपवाद नाही. वीस लिटरची बादली घ्या. नळाचं पाणी २२ अंशांवर आहे आणि आपल्याला ४२ अंशांचं हवं आहे. म्हणजे २० लिटर गुणिले २० अंश, झाले ४००. चारशेला ८६० नं भागलं, की अर्ध्या युनिटाला थोडं कमी. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा, की एक बादली ऊन पाणी म्हणजे अर्धा युनिट. घरात चार माणसं असतील तर रोजचे दोन आणि महिन्याचे साठ युनिट. कुणी एक बादली ऐवजी शॉवरखाली निवांत उभं राहून तीन बादल्या पाणी वापरत असेल, तर त्या एकट्याचेच महिन्याला पंचेचाळीस.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भिंतीवरचा छोटा, झटपट पाणी देणारा गीझर ३००० वॅटचा असतो, टाकीचा २००० वॅटचा, आणि रॉड १५०० वॅटचा. म्हणून लोक झटपट गीझरला घाबरतात. पण एक बादली तापवायला पहिल्याला नऊ-दहा मिनिटं लागतात, दुसऱ्याला चौदा, आणि रॉडला अठरा-एकोणीस. वेग वेगळा, वेळ वेगळा, पण युनिट तिघांचेही तेच! फरक पडतो तो टाकीचं बटण दिवसभर चालू ठेवल्यावर. तापलेलं पाणी कुणी वापरलं नाही, तरी टाकी हळूहळू निवते, आतला काटा पुन्हा वीज घेतो, पुन्हा तापवतो. ही वीज कुणाच्याच अंगावर पडत नाही. रॉडबद्दल मात्र एक सूचना हिशेबापलीकडची. बटण बंद करून, प्लग काढल्याशिवाय त्या पाण्यात बोट घालू नका. वाचलेल्या युनिटापेक्षा जीव मोलाचा.

इथपर्यंत वॅट आणि तास यांवर काम भागलं. पण काही उपकरणं अशी आहेत, की ती दिवसभर चालू दिसतात आणि प्रत्यक्षात मधूनमधून विश्रांती घेतात. फ्रिज हे त्यातलं पहिलं. त्याचा कॉम्प्रेसर आत पुरेसा गारवा झाला की थांबतो, उष्णता शिरली की पुन्हा सुरू होतो. त्यामुळे पट्टीवरचे वॅट गुणिले चोवीस तास असा हिशेब केला, तर उत्तर भलतंच मोठं येईल. इस्त्रीचंही तसंच. ती तापली, की आपोआप तुटते आणि निवली की जोडली जाते. अर्धा तास इस्त्री केली तरी वीज त्यातला काही वेळच घेतली जाते.

अशा वस्तूंसाठी तारांकित लेबल उपयोगी पडतं. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, आणि २००६ पासून या ब्यूरोची लेबलं उपकरणांवर दिसू लागली. दुकानात आपण लेबलावरचे तारे मोजतो आणि पुढे जातो. ताऱ्यांपेक्षा महत्त्वाचा आकडा त्यांच्या शेजारीच असतो, वर्षाला किती युनिट लागतात त्याचा. फ्रिजच्या लेबलावर २४० असेल, तर त्याला बारानं भागा; महिन्याचे वीस युनिट. एसीच्या लेबलावरचा आकडा मात्र वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. तिथे समजा ८०० लिहिलं असेल, तर तासाला सरासरी अर्धा युनिट. मग आपण रात्री किती तास लावतो, उन्हाळ्याचे किती महिने लावतो, त्यानं गुणायचं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात यापेक्षा जास्त लागणार, महाबळेश्वरात कमी. लेबल हा अंदाज आहे, वचन नव्हे.

लेबलच नसेल, फ्रिज पंधरा वर्षांचा असेल, तर? मग थेट आपल्या मीटरला विचारा. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. दिवा किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट झालं, तो आकडा मीटरच्या पाटीवरच छापलेला असतो. कुठे १६०० असतो, कुठे ३२००, कुठे आणखी काही. समजा तो ३२०० आहे. घरातली सगळी बटणं बंद करा आणि एकच पंखा पूर्ण वेगानं सुरू करा. मिनिटभरात दिवा चारदा लुकलुकला, तर तासाला २४० वेळा. २४० भागिले ३२००, म्हणजे ०.०७५ युनिट. पंखा ७५ वॅटचा आहे हे मीटरनंच सांगितलं! तिथेच २००० वॅटचा गीझर लावून पाहा. दिवा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा लुकलुकेल, मोजता मोजता धांदल उडेल. आणि नऊ वॅटचा दिवा लावला, तर एका लुकलुकीसाठी दोन मिनिटं वाट पाहावी लागेल. शाळेत जाणाऱ्या मुलांना हा प्रयोग जरूर करायला लावावा. पुस्तकात धडाभर वाचून कळत नाही ते पाच मिनिटांत कळतं.

फ्रिजसाठी मात्र मिनिट पुरत नाही. घरी कुणी नसताना, बाकी सगळं बंद असताना मीटरचा आकडा जाताना आणि आल्यावर टिपून ठेवा. या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळू शकते. फ्रिज, इन्व्हर्टर, टीव्हीचे प्लगही काढले आहेत, घरात काहीच चालू नाही, आणि तरी दिवा थांबून थांबून लुकलुकतोच आहे, तर कुठेतरी वीज गळते आहे किंवा आपल्या मीटरवर दुसऱ्याचीच जोडणी आहे. अशा वेळी वायरमनला बोलावणं हेच शहाणपण. ते बिलासाठी जितकं महत्त्वाचं, तितकंच शॉक टाळण्यासाठीही.

आता सगळ्या ओळी एका कागदावर मांडू. चार माणसांचं घर, दसऱ्याच्या आसपासचा महिना. दुपारी उकाडा, पहाटे गारवा. त्यामुळे पंखेही चालतात आणि ऊन पाणीही लागतं. तीन पंखे रोज दहा-दहा तास, झाले साडेसदुसष्ट युनिट. आंघोळीचं पाणी साठ. फ्रिज वीस. इस्त्री नऊ. टीव्ही आणि त्याचा सेटटॉप बॉक्स रोज चार तास, आठ युनिट. पाच एलईडी दिवे रोज पाच-पाच तास, सात युनिटांहून कमी. कपडे धुण्याचं यंत्र सहा. मिक्सर अडीच. घरातले फोन दीड-दोन. आणि एक ओळ बहुतेकांच्या ध्यानात येत नाही ती अशी. रिमोटनं टीव्ही बंद केला, तरी सेटटॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणापर्यंत जिवंतच असतो. तो दहा वॅटचा धरला, तर उरलेल्या वीस तासांचे महिन्याला सहा युनिट होतात. जवळजवळ सगळ्या दिव्यांइतके, आणि तेही कुणी काही पाहत नसताना!

बेरीज केली तर १८८ च्या आसपास येते. यातले १२७ फक्त पंखे आणि पाणी यांचे, म्हणजे दोनतृतीयांश. ज्या दिव्यावरून, ज्या मोबाईलवरून घरात कुरबुर चालते, त्या सगळ्यांचे मिळून दहासुद्धा नाहीत. अभ्यासाला बसलेल्या मुलीचा एक दिवा रोज तीन तास जास्त जळला, तर महिन्याला एक युनिटही होत नाही.

आतापर्यंत मी रुपयांचं नाव काढलं नाही, ते मुद्दाम. कारण इथे खरी गंमत आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते पायऱ्यांचे असतात. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून चढा, पुढे आणखी चढा. शिवाय युनिटमागे वहन आकार असतो, कधी इंधन समायोजन आकार असतो आणि त्यावर टक्केवारीनं वीज शुल्क. स्थिर आकार तर घराला कुलूप असलं तरी लागतो. दर बदलत राहतात, म्हणून आकडे आपल्या ताज्या बिलावरूनच घ्यावेत. आपण नुसतं समजण्यासाठी धरू, की सगळं मिळून पहिल्या पायरीवर युनिटला सहा रुपये पडतात आणि दुसरीवर बारा.

लोकांना वाटतं, शंभराच्या वर एक युनिट गेलं, की सगळंच बिल चढ्या दरानं लागतं. तसं नाही. पहिले शंभर सहानंच मोजले जातात. वरचे तेवढे बारानं. आपल्या १८८ युनिटांचे पहिले सहाशे आणि नंतरचे १०५६, मिळून १६५६ रुपये. याला १८८ नं भागलं, तर सरासरी पावणेनऊ रुपयांच्या आसपास. आणि बहुतेक जण हीच सरासरी धरून हिशेब करतात. पण आपण चाळीस युनिट वाचवले, तर ते वाचतात कुठून? वरच्या पायरीवरून. चाळीस गुणिले बारा, म्हणजे ४८० रुपये. सरासरीनं धरले असते तर साडेतीनशेच वाटले असते. उलट बाजूही तशीच. नवी वस्तू घरात आणली, की तिचे युनिट सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसतात.

याचा उपयोग खरेदीच्या वेळी होतो. हल्ली बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात, ते पूर्ण वेगालाही तिसेक वॅट घेतात. साध्या पंख्यापेक्षा ४५ वॅट कमी. आपल्या तीन पंख्यांवर महिन्याला चाळीस युनिट वाचतील, म्हणजे वरचेच ४८० रुपये. पंख्यामागे दीड हजार रुपये जास्त मोजावे लागले असं धरलं, तर पंखे भरपूर चालणाऱ्या नऊ-दहा महिन्यांत ते वसूल होतात. पण ज्यांचं बिलच नव्वद युनिटांचं आहे, त्यांचं वाचलेलं युनिट सहा रुपयांचं. त्यांना दुप्पट काळ लागेल. वस्तू तीच, फायदा घरागणिक वेगळा. म्हणून शेजाऱ्यानं घेतली म्हणून आपण घेऊ नये; आपलं बिल पुढ्यात ठेवून ठरवावं. जुने पंखे बदलायचे नसतील, तर निदान रेग्युलेटर पाहा. जुना, ठोकळ्यासारखा, तापणारा रेग्युलेटर पंखा हळू करतो खरा, पण बरीच वीज स्वतःच्या अंगात जाळतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनं वेग कमी केला तर वीजही खरोखर कमी लागते.

ज्यांचं पोट घरातल्या विजेवर आहे, त्यांना तर हा हिशेब यायलाच हवा. घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या मशिनची मोटर १०० वॅटची धरा. रोज सहा तास चालली, तर ०.६ युनिट. त्यापुढे तासभर इस्त्री, ती हजार वॅटची असेल तर जास्तीत जास्त एक युनिट. म्हणजे शिवण्यापेक्षा इस्त्रीलाच वीज जास्त! बारा रुपयांच्या दरानं दोन्ही मिळून एकोणीस रुपये. दिवसाला पाच ब्लाउज होत असतील तर प्रत्येकामागे चार रुपये. शिलाई ठरवताना दोरा, हूक, अस्तर धरलं जातं, पण हे चार रुपये धरले जात नाहीत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचंही तेच. घरमालक पोटमीटरवरून युनिटला अमुक रुपये सांगतो, तेव्हा तो दर मुख्य बिलावरच्या दराशी ताडून पाहता आला पाहिजे. भांडायला नव्हे, पण नीट बोलायला आकडा जवळ हवा.

या सगळ्या आकडेमोडीतून मला सांगायचं आहे ते एवढंच. काटकसर करावी, पण ती कुणावर लादतो आहोत हे पाहून करावी. उष्म्यात म्हाताऱ्या माणसाचा पंखा बंद करून रात्रीला पाऊण युनिट वाचतं. तेवढं तर दोघांनी शॉवर थोडा लवकर आवरला तरी वाचतं. हिशेब नसला, की घरात ज्याचा आवाज सगळ्यात लहान त्याच्याच वाट्याला काटकसर येते. हिशेब असला, की ती जिथे करायला हवी तिथे करता येते.

आणि यासाठी वेगळी वही नको. दुधाचे खाडे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतोच. दर रविवारी त्याच चौकोनात मीटरचा आकडा लिहा आणि मागच्या रविवारचा वजा करा. चार आठवडे लिहिलंत, की बिल येण्याआधी ते किती येणार हे तुम्हीच सांगू लागाल.